ग्रीसचं विरजण

चाचा अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत ग्रीसचा एवढासा कण घ्यायचे, चिमूट दाबायचे, कानाशी न्यायचे आणि हळूच उघडायचे. मिटलेले ओठ उघडावेत तसा बारीक ‘टप्’ असा आवाज यायचा. मग मान हलवून म्हणायचे, "बोलून राहिलं."

आमच्या हळदीच्या गिरणीची सकाळ अशी सुरू व्हायची. लोक दुकान उघडताना उदबत्ती लावतात, आमच्याकडे ही चिमूट होती. मी लग्न होऊन वसमतला आले तेव्हा नवऱ्यानं मला गिरणी दाखवली. ही मोटर, हा ढोल, ही चाळणी असं करत करत तो कोपऱ्यातल्या एका उंच, किंचित वाकलेल्या माणसाकडे बोट करून म्हणाला, "आणि हे चाचा." जणू तेही मशिनरीतच आले होते. चाचांनी मला सलाम केला आणि हात मागे लपवले, कारण हाताला काळं लागलेलं होतं. ते हात मी पुढे कधीही स्वच्छ पाहिले नाहीत.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. मालक बदलतो, मुनीम बदलतो, छपराचे पत्रे बदलतात आणि एक माणूस तिथंच असतो. तो किती वर्षांपासून आहे हे कुणी विचारत नाही. नवरा मोंढ्यातल्या आडतीवर बसायचा, म्हणून थोड्याच दिवसांत गिरणी माझ्या गळ्यात पडली. सासरे म्हणाले, "तुला काही कळलं नाही तर चाचाला विचार. आणि चाचाला काही कळलं नाही तर त्याला एकट्याला सोड." त्यांच्या या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मला बऱ्याच उशिरा उमगला.

हळदीची गिरणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. उकडून वाळवलेली हळद मातकट आणि खडबडीत असते. ती जाळीच्या भल्यामोठ्या ढोलात भरून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासून साल जातं आणि आतला पिवळा रंग वर येतो. आमचा ढोल एका जाड पोलादी शाफ्टवर बसवलेला होता. शाफ्टची दोन टोकं दोन पितळी बुशांमध्ये फिरायची. बुश म्हणजे जाड बांगडीच समजा. पोलाद पितळेवर घासू नये म्हणून मध्ये ग्रीस भरायचं, आणि ते भरण्याचं काम चाचांचं. मोटरीचं बटण मात्र शेडच्या पार दुसऱ्या भिंतीवर होतं. ढोलापासून बटणापर्यंत पळत जावं लागायचं.

चाचा आमच्याशी मराठीत बोलायचे, अगदी बाजारातल्या शेतकऱ्यासारखं. त्यांच्या घरची बोली दखनी. पण गिरणीत ती मला दिवसातून दोनच वेळा ऐकू यायची. सकाळी मोटर सुरू करायच्या आधी ते उजव्या बाजूच्या बुशावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "छोड रे मुन्ना." संध्याकाळी बटण बंद झालं की परत तिथंच हात, आणि एकच शब्द, "पकड."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा नवरा मोटारसायकलला शिव्या घालतो, सासूबाई दुधाच्या पातेल्याला दम देतात. यंत्राशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. मी एकदा चेष्टेनं म्हणालेही, "चाचा, एवढ्या मोठ्या ढोलाचं नाव मुन्ना? जरा भारदस्त काही ठेवायचं."

"ढोलाचं नाव न्हाई ते, ताई," चाचा म्हणाले आणि फडक्याला हात पुसत निघून गेले.

मग एका ईदला चाचा सुट्टीवर होते. संध्याकाळी मी स्वतः बटण बंद केलं. ढोल थांबायलाच तयार नाही. रिकामा ढोल, वीज बंद, तरी तो आपला फिरतोय. मंद होतोय असं वाटायचं आणि परत एक गिरकी घ्यायचा. बायका आवरून निघून गेल्या, शेडमध्ये मी एकटी, आणि उन्हाच्या तिरिपेत पिवळी धूळ तरंगत होती. चाचा असले की ‘पकड’ म्हटल्याबरोबर तो ढोल दोन वळशांत गप उभा राहायचा. मी भित्री नाही, भुताखेतांचं तर मला वेडही नाही. तरी त्या दिवशी ढोल थांबायची वाट न बघता मी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "त्याला कुनी सांगितलंच न्हाई ना थांबायचं."

त्यानंतर मी चाचांकडे नीट लक्ष द्यायला लागले. म्हणूनच ग्रीसच्या नव्या डब्याचा प्रकार माझ्या नजरेस पडला.

नवा डबा आला होता. चाचांनी झाकण काढलं. आत लोण्यासारखं स्वच्छ पिवळं ग्रीस. मग उजव्या बुशापाशी गेले, करंगळीनं आतून जुनं काळं ग्रीस काढलं, आणलं आणि नव्या डब्याच्या मधोमध रुतवलं. वरून बोटानं सारखं केलं. डब्यावर ओलसर फडकं झाकलं आणि डबा सावलीत सरकवला.

"हे काय, चाचा?"

"विरजण, ताई."

मला हसू आवरेना. "दही लावताय का?"

"हसा तुमी," चाचा म्हणाले. त्यांनाही हसू आलं होतं. "नवं ग्रीस परकं असतंय. त्याला बुशाची काय ओळख? जुन्याचा हात लागला की नांदतंय बराबर."

हाच माणूस खाण्यापिण्यात मोठा कडक होता. गिरणीत सीझन संपला की आम्ही भजी करायचो. एका वर्षी करडईचं तेल कमी पडलं म्हणून बायकांनी कढईत शेंगदाण्याचं घातलं, तर चाचांनी भज्याला हात लावला नाही. दोन तेलं एका कढईत त्यांना चालत नसत. मी तेव्हा टोचलं, "इथं नव्यात जुनं कालवता, ते बरं चालतं."

"ते खायचं असतंय. हे जपायचं असतंय."

काय जपायचं, हे मला सासऱ्यांनी सांगितलं. संध्याकाळी ओसरीवर बसले असताना मी विरजणाची गोष्ट हसत हसत काढली. ते हसले नाहीत.

मुन्ना हा चाचांचा धाकटा भाऊ. दोघं भाऊ गिरणीत बरोबरच लागले. माझं लग्न व्हायच्या पुष्कळ आधी, ऐन सीझनमध्ये, मुन्ना उजव्या बुशात ग्रीस भरत होता. धुळीसाठी तोंडाला गमछा बांधलेला. फिरत्या शाफ्टनं गमछ्याचं टोक ओढून घेतलं. चाचा तेव्हा ढोलाच्या पलीकडे. मुन्ना ओरडला, "पकड, भाई, पकड." चाचा भावाकडे पळाले असते तर बटण राहत होतं, आणि बटणाकडे पळाले असते तर भाऊ. ते बटणाकडे पळाले. ढोल थांबला तोवर उशीर झाला होता.

"आम्हाला वाटलं, हा माणूस परत गिरणीचं तोंड बघणार नाही," सासरे म्हणाले. "तर हा कामावर हजर. मी म्हटलं, बाबा, तुला दुसरीकडे लावून देतो. तर म्हणाला, त्याला हितं एकटा कसा सोडू? म्हणतो, मुन्नानं हातानं भरलेलं ग्रीस अजून बुशात हाय. त्याचे हात हायेत त्याच्यात. मग मी काय बोलणार?"

मी ओसरीवरच मनाशी हिशेब मांडला. म्हणजे प्रत्येक नव्या डब्यात तो मुन्नाच्या हाताचा कण जात होता, डब्यातून बुशात, बुशातून पुढच्या डब्यात. असे किती डबे गेले असतील कोण जाणे. मला गलबलून आलं, आणि थोडी भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू. आपल्या गिरणीतून घासून निघणाऱ्या हळदीच्या मधोमध एक मेलेला माणूस असा जपून ठेवला आहे, हे कळल्यावर रोज सकाळी तो ‘टप्’ ऐकणं सोपं नव्हतं.

चाचा रोज मोटर चालू करण्याआधी बायकांसमोर उभे राहून विचारायचे, "पदर?" आणि सगळ्या बायकांनी एका सुरात "खोचला" म्हटल्याशिवाय ते बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. नव्या बायकांना ते शाळेतल्या हजेरीसारखं वाटायचं, त्या खुदुखुदु हसायच्या. सासऱ्यांनी सांगितल्यापासून मीही त्या सुरात सूर मिसळायला लागले.

मग ते पिवळं ग्रीस यायचं बंद झालं. कंपनीनं बनवणं थांबवलं की काय, देव जाणे. हिंगोलीच्या दुकानदारानं त्याऐवजी निळं ग्रीस दिलं. उन्हाळ्यात पातळ होत नाही, जास्त टिकतं, असं त्यानं सांगितलं. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, दुसऱ्या कोणत्याही ग्रीसमध्ये मिसळू नये, जुनं ग्रीस पूर्ण काढून मगच भरावं. दुकानदारानंही फोनवर तेच बजावलं. मिसळलं तर पाणी होईल म्हणाला.

मी डबा चाचांपुढे ठेवला. "चाचा, ह्याला विरजण चालणार नाही. दोन्ही बुश रॉकेलनं धुवून काढायचे. अगदी स्वच्छ. मगच हे भरायचं."

चाचा डब्याकडे बघत राहिले. निळ्या रंगाला त्यांनी बोट लावलं नाही. "सगळं पुसायचं?"

"सगळं."

"काहून, ताई? आजवर काय तकलीफ झाली का त्याची?"

काय सांगणार? मला माहीत होतं की मी त्यांना काय पुसायला सांगते आहे, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही कळलं होतं. पण ढोलाजवळ दिवसभर बायका वावरायच्या. मी म्हणाले, "चाचा, बुश जाम झाला आणि काही तुटून कुणाच्या अंगावर आलं तर? तुम्हाला मी काय सांगायचं."

त्यांनी डब्याचं झाकण परत दाबून बसवलं. मग म्हणाले, "करतो. पर मीच करतो. दुसऱ्या कुनाचा हात नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यांचा काळा ढीग दाराशी पडलेला होता आणि शेडभर रॉकेलचा वास. चाचांचे डोळे सुजलेले दिसले. "झालं," ते म्हणाले. मी बुशात वाकून पाहिलं नाही. दफनाआधीच्या अंघोळीनंतर एका माणसानं आपल्या भावाला दुसऱ्यांदा धुवून काढलंय असं मला वाटत होतं, आणि तिथं वाकून तपासायला मन धजलं नाही.

पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग उजव्या बुशाखाली फरशीवर डाग दिसायला लागला. हिरवट, पातळ, आंबलेल्या दह्याला सुटतं तसं पाणी. डाव्या बुशाखाली काही नाही. चाचा येता-जाता तो डाग पायानं भुसा ओढून झाकायचे. सकाळची चिमूट चालू होती, पण आवाज यायचा नाही.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

चाचांनी चिमूट परत दाबली, परत उघडली. चेहरा ओढलेला होता. "बोलत न्हाई, ताई. ऐकून राहिलं."

उन्हाचे दिवस होते, तरी मी पदर अंगाभोवती ओढून घेतला. मी त्यांना म्हटलं, उद्या फिटरला बोलावून घेऊ. ते "व्हय" म्हणाले, आणि संध्याकाळी ढोल थांबला तेव्हा ‘पकड’ म्हणायला ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बुशापाशी उभे राहिले.

फिटर यायच्या आधीच ते घडलं. त्या सकाळी मोटरीचा पट्टा सरकला होता, म्हणून शाफ्ट झाकणारी बचावाची जाळी चाचांनी काढून बाजूला ठेवली होती. पट्टा चढवला, ढोल चालू झाला, आणि ते जाळी परत बसवायला पाना शोधत ढोलाच्या पलीकडे गेले. सुमन नावाची एक बाई ढोलाखाली पडलेली हळकुंडं झाडत होती. पदर तिनं खोचला होता. पण धुळीसाठी तोंडाला ओढणी बांधलेली होती, आणि तिचं टोक पाठीवर सुटलं होतं. ओढणीबद्दल आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. चाचांची हजेरी पदराची होती.

ती वाकली आणि ओढणी शाफ्टला लागली. मी हिशेबाच्या टेबलाशी होते. सुमनची मान मागे ओढली गेलेली मी पाहिली, तिचे हात हवेत वर गेलेले पाहिले. मला कळत होतं की बटणाकडे पळायला हवं, आणि पाय हलत नव्हते.

तेवढ्यात ढोलाच्या पलीकडून चाचा ओरडले, "पकड."

शाफ्ट थांबला. मंद होत होत नाही, एकदम, जागच्या जागी. ढोलाच्या आतली हळद एकाच बाजूला आपटली आणि सगळी शेड हादरली. पट्टा मात्र थांबलेल्या चाकावर किंचाळत घसरत होता, त्यातून काळा धूर निघायला लागला. मोटर चालूच होती. मग कुठं माझे पाय हलले आणि मी बटण बंद केलं.

बायकांनी कोयत्यानं ओढणी कापली. सुमनच्या गळ्याभोवती लाल वळ उठला होता, बाकी काही नाही. ती खाली बसून खोकत होती आणि दुसऱ्या बायका तिला घट्ट धरून रडत होत्या. चाचा तिच्याकडे गेले नाहीत. ते उजव्या बुशासमोर उभे होते. तळहात त्यावर ठेवला, आणि चटका बसला तरी काढला नाही.

"पकडलं त्यानं," ते म्हणाले. हे आम्हाला नव्हतं सांगितलेलं.

दुपारी फिटर आला. वसमतचाच, तरुण, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं बुशाखालचं हिरवं पाणी बोटावर घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यात दोन ग्रीस मिसळलेत का?" मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान खाली घातली. "एवढंसं ठिवलं होतं," ते म्हणाले. "एका कोपऱ्यात. करंगळीएवढं. आन् डब्यात थोडं."

फिटरनं मला समजावून सांगितलं. ग्रीस म्हणजे काय, तर तेल धरून ठेवणारा साबण. दोन जातींचे साबण एकत्र आले आणि त्यांचं जमलं नाही, तर दोघंही तेल सोडून देतात. तेल वाहून गेलं की पोलाद आणि पितळ उघडी समोरासमोर येतात. त्यात उन्हाची आणि घासण्याची गरमी. मग दोन धातू एकमेकांना चिकटतात, आणि चिकटले की कधी कधी एकच होऊन बसतात. "मधली ही पातळ साय आहे म्हणून सगळ्या मशिनी चालतात, ताई," तो म्हणाला. "आज नाही तर उद्या हे जाम होणारच होतं."

"आज काहून झालं मग?" चाचांनी विचारलं. "बराबर त्याच टायमाला काहून?"

फिटर हत्यारं काढायला वाकला. त्याचं उत्तर शोधायच्या फंदात मी पडत नाही. चाचांचं विरजण ही चूक होती, सरळ चूक, त्यापायी गिरणी बंद पडली. आणि त्याच चुकीनं सुमन वाचली. या दोन्ही गोष्टी मी एकाच बुशात ठेवून दिल्या आहेत, त्या आपल्या एकमेकांना धरून राहतात.

शाफ्ट बुशातून निघता निघेना. घणानं ठोकला, गॅसच्या ज्योतीवर लाल होईतो तापवला, परत ठोकला. पोलाद आणि पितळ एक झाली होती. शेवटी फिटरनं बुशाच्या दोन्ही बाजूंनी शाफ्ट गॅसनं कापला. नारळाएवढा लोखंडाचा गठ्ठा धप्पकन खाली पडला. बाकी सगळं मी स्वतः उभी राहून रॉकेलनं धुवून घेतलं. निळा डबाही बाहेर काढला, त्यातही विरजण गेलेलं होतं. म्हणजे मुन्नाच्या हातचं आता कुठं उरलं असेल तर त्या गठ्ठ्याच्या पोटात, पितळ आणि पोलाद यांच्या मधल्या न दिसणाऱ्या फटीत.

चाचांनी भंगारातून तो गठ्ठा मागून घेतला. पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधताना म्हणाले, "इतकी वर्सं मी त्याला पकड पकड म्हनत राहिलो, ताई. त्यानं पकडून दावलं. आता त्याला छोडायला पायजे." सायकल हातात धरून ते चालत निघाले. ओझं एका बाजूला कलंडत होतं आणि ते दुसऱ्या हातानं सावरत होते, झोपलेल्या लेकराला सावरावं तसं.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. आम्ही नवीन शाफ्ट बसवला, त्याला बंद बेअरिंग. ती कारखान्यातूनच ग्रीस भरून, झाकून येते. तिला ना डबा लागतो, ना चिमूट. बटणं आता तीन ठिकाणी आहेत. बायका मोटर चालू व्हायच्या आधी "पदर खोचला, ओढणी बांधली" असं म्हणतात. चाचा नसले तरी म्हणतात.

ते एकदा आले होते, ईदनंतर, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. मी हौसेनं नवीन बेअरिंग दाखवायला घेऊन गेले. चाचांनी तळहात तिच्यावर ठेवला, मान तिरपी केली, बराच वेळ ऐकलं. ढोल सुरळीत फिरत होता, कुरकुर नाही, आवाज नाही.

"ह्यात कुनी न्हाई," ते म्हणाले. तक्रारीनं नव्हे. रिकाम्या घरात डोकावून माणूस सांगतो तसं. मग सगळ्या बायकांची चौकशी केली, सुमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मला त्यांची इतकी आठवण यायची की मी कधी कधी संध्याकाळी बटण बंद केल्यावर उगीचच तिथं उभी राहायचे. ढोल थांबेपर्यंत.

हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी गेले. चाचींनी मला अंगणात खाटेवर बसवलं. पेरूच्या झाडाखाली एक फळी होती आणि फळीवर ते पोतं.

"रोज सकाळी हितं बसायचे," चाची म्हणाल्या. "त्या गठ्ठ्यावर हात ठिवून म्हनायचे, छोड रे मुन्ना, आता छोड. मी म्हनायची, काहून त्या लोखंडाला सतावता? तर म्हनायचे, आवाज आला की सांगतो." त्यांनी पोत्यावरची पानं झटकली. "गेले त्या सकाळी मी त्यांच्यासाठी पानी घेऊन आले. ते खाटेवर निजल्यासारखेच होते. आन् त्यो गठ्ठा सुटला होता, ताई."

मला वाटलं, दुःखात माणूस असं काही बोलतं. त्यांनी पोतं बाजूला केलं. पितळी बुश एकीकडे आणि पोलादी तुकडा एकीकडे, शेजारी शेजारी पडले होते. घणानं सुटलं नव्हतं, गॅसच्या ज्योतीनं सुटलं नव्हतं. ऊन, पाऊस, थंडी, पितळ वेगळं आकसतं आणि पोलाद वेगळं, गंजानं काहीतरी ढिलं केलं असेल. मी स्वतःला हे सांगत होते आणि अजूनही सांगते.

पण बुशाच्या आतल्या बाजूला, आगीतून गेलेल्या त्या पितळेवर, एक ओलसर काळी रेघ होती. ताजी, चकाकणारी. मी बोट लावलं तर बोटाला लागली.

चाची माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय हवंय हे मला कळलं. त्यांचे कान आता काम देत नव्हते, हे त्यांनी मी आल्या आल्याच सांगितलं होतं. मी अंगठा आणि बोट यांची चिमूट दाबली, कानाशी नेली आणि हळूच उघडली.

आवाज आला नाही. परत दाबली, परत उघडली. पेरूच्या पानांमधून वारा गेला तेवढाच. चिमटीत काही बोलत नव्हतं आणि कुणी ऐकतही नव्हतं. ते नुसतं ग्रीस होतं.

"काय म्हनतंय?" चाचींनी विचारलं.

मी त्यांच्या कानाजवळ वाकले. "ह्यात कुणी नाही, चाची."

चाचींनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग डोक्यावरून पदर सारखा केला, आत गेल्या आणि माझे हात धुवायला साबणाची वडी घेऊन आल्या.